मधल्या खोलीचं माप

माझी नात गेल्या महिन्यात शिकायला परदेशी गेली. जायच्या आधीच तिची राहायची जागा ठरली होती. तिकडून कुणीतरी फोन हातात धरून खोलीभर फिरवला. पलंग, खिडकी, कपाट, नळ. सव्वा मिनिटही झालं नसेल, ही म्हणाली, "चालेल, घेतली."

मी विचारलं, "अगं, लांबी-रुंदी किती?"

"आजी, मी तिथं राहणार आहे. शेती नाही करणार."

सगळे हसले, मीही हसले. पण त्या दिवसापासून माझे वडील सारखे डोळ्यांसमोर येतायत. सव्वा मिनिटात बघितलेल्या जागेला त्यांनी खोली म्हटलंच नसतं.

बाबा मोजणी खात्यात होते. एकतीस वर्षं त्यांनी लोकांची शेतं, कुंपणं आणि गल्ल्या मोजल्या. दोन शेजारी बांधावरून हमरीतुमरीवर आले की हे मध्ये उभे राहायचे. "हा म्हणतो बांध सरकला, तो म्हणतो नाही सरकला. म्हणू दे. फीत काय म्हणते ते लिहा," असं त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. अर्धा इंच म्हणजे अर्धा इंच. तो पाऊण कधी झाला नाही आणि पावही कधी झाला नाही. घरातही तोच प्रकार. आई म्हणायची, "ह्यांना चांदणं दाखवलं तरी विचारतील, किती फूट?"

मला परदेशी विद्यापीठात बियाण्यांचं शास्त्र शिकायला शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा निरोपाच्या दिवशी सगळ्यांनी काही ना काही दिलं. आईनं शाल दिली, मामानं पेन दिलं. बाबांनी त्यांची पन्नास फुटी पोलादी फीत दिली. चामड्याची गोल डबी, कडेला दुमडून बसणारी पितळी मूठ. मूठ फिरवली की फीत सापासारखी आत जायची.

"जागा बघायला गेलीस की आधी मापं," ते म्हणाले. "मापं घेतल्याशिवाय हो म्हणायचं नाही. आणि नकाशा काढून मला पाठवायचा. दार कुठं, खिडकी कुठं, सगळं."

"तुम्हाला काय करायचाय नकाशा?"

ते जरा वेळ डबी पुसत राहिले. मग म्हणाले, "तू कुठं बसतेस, कुठं झोपतेस, ते मला इथून दिसायला नको?"

मी शब्द दिला.

तिथं पोचले तर विद्यापीठाच्या पाहुणेखोलीत दहाच रात्री राहायची मुभा होती. कचेरीत परदेशी विद्यार्थ्यांच्या खिडकीपाशी एक बाई बसायच्या. त्या अंबाड्यात पेन्सिल खोचत आणि मग तीच पेन्सिल टेबलभर शोधत बसत. मी मनातल्या मनात त्यांना पेन्सिलबाई म्हणायला लागले. त्यांनी मला एक गुलाबी कागद दिला आणि बावीस पत्त्यांची टंकलेली यादी दिली.

"ह्या गुलाबी कागदावर राहायचा पत्ता आणि खाली घरमालकाची सही. पुढच्या शुक्रवारी चारच्या आत माझ्या हातात."

"आणि नाही मिळाली जागा तर?"

"तर तुझा प्रवेश यादीतल्या पुढच्या मुलाला. राहायचा परवाना प्रवेशावर टांगलेला आहे, बाळ. प्रवेश गेला की तोही गेला."

तिसऱ्या खेपेला शिष्यवृत्ती मिळाली होती मला. दोन वर्षं शाळेत शिकवत, रात्री अभ्यास करून मिळवलेली. सव्विसावं लागलं की अर्जच घेत नसत, आणि मला सव्विसावं लागून दोन महिने झाले होते. परत गेले असते तर ते कायमचंच.

पहिली जागा एका न्हाव्याच्या दुकानावरची होती. माणूस गोड होता. "ये बाळ, ये," म्हणत वर घेऊन गेला. छताला उतार होता, पण खिडकी छान होती. मी पिशवीतून डबी काढली, फितीचं टोक त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, "जरा त्या कोपऱ्यात धराल?"

त्यानं धरलं. पण त्याचा चेहरा उतरत गेला. मी वहीत आकडे लिहायला लागले तसा तो म्हणाला, "हे काय लिहिताय?" मघाचं 'बाळ' आता 'अहो' झालं होतं.

"लांबी, रुंदी, छताची उंची. छत कडेला जरा कमी भरतंय."

"कुणी शिकवलं हे?"

"माझे बाबा सरकारी मोजणी खात्यात आहेत," मी अभिमानानं सांगितलं.

"अच्छा," तो म्हणाला. "ही खोली नाहीच मुळी भाड्याची. इथं मी टॉवेल वाळत घालतो."

दुसरीकडे एका बाईंनी स्वयंपाकघरातून फळ्या ठोकून खोली काढली होती. मी फळ्यांची जाडी मोजली. त्यांना एकाएकी आठवलं की खोलीत त्यांचा भाचा राहतो. तिसरीकडे जिन्याखालची जागा होती. तिथल्या आजोबांनी फीत बघताच दार लावून घेतलं आणि आतून ओरडले, "घरात कुणी नाही!"

आठव्या दिवसापर्यंत एकोणीस पत्ते खोडले गेले. शेवटी शेवटी तर मी गल्लीत शिरले की खिडक्यांमधल्या 'खोली भाड्याने' अशा पाट्या आत जायच्या. मला वाटलं, माझं रूप, माझं बोलणं, माझी चप्पल, काहीतरी यांना आवडत नाही. पाहुणेखोलीत उशीत तोंड घालून रडलेही. फीत बाहेर काढू नये, एवढं मात्र डोक्यात आलं नाही. आमच्या घरात फीत म्हणजे आदराची वस्तू. ती बघून कुणी घाबरेल, हे मला सुचणार कसं?

शुक्रवारी सकाळी पेन्सिलबाईंनी मला आत बोलावलं आणि दार लावलं.

"खरं सांग. तू नगरपालिकेची माणूस आहेस का?"

"मी?"

"गावभर बोंब झालीय. विद्यार्थिनीच्या वेषात एक मोजणीवाली फिरते. परवानगी न घेता काढलेल्या खोल्या शोधून नावं लिहिते. काल त्या न्हाव्यानं दुकानावरची अख्खी खोली रिकामी करून सामान खाली आणलं. त्याची बायको माझ्याकडे बिनपाण्यानं हजामत झाल्यासारखा चेहरा घेऊन आली होती."

मी पिशवीतून फीत काढून टेबलावर ठेवली आणि बाबांची अट सांगितली. पेन्सिलबाई आधी डोळे मोठे करून ऐकत होत्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मग त्या टेबलावर डोकं ठेवून अशा हसल्या की अंबाड्यातली पेन्सिल निसटून माझ्या मांडीवर पडली.

"अगं वेडे," डोळे पुसत त्या म्हणाल्या, "एवढीच अडचण आहे ना? ती डबी दे माझ्याकडे. तीन पत्ते उरलेत. जा, बघ, हो म्हण, सही घेऊन ये. बाबांना काय कळतंय?"

खरंच, काय कळणार होतं? पाच आकडे मनानं लिहिले असते तरी चाललं असतं. मी डबीकडे बघत राहिले. ती पुसणारे बाबा दिसले.

"नाही जमणार," मी म्हटलं. "शब्द दिलाय."

पेन्सिलबाईंनी पेन्सिल पुन्हा अंबाड्यात खोचली. मग त्यांनी खणातून एक जुनं कार्ड काढलं. "हा पत्ता मी कुणाला देत नाही. चौघांना दिला, चौघंही पळून आले. दोघी जावा आहेत, दोघींचे नवरे गेले. एकमेकींमधून विस्तव जात नाही. भांडण कशावरून, तर त्याच खोलीवरून." त्या माझ्याकडे आणि डबीकडे बघून हसल्या. "तिथं बहुतेक तुझ्यासारखीचीच वाट बघतायत."

घर दोन रस्त्यांच्या मध्ये होतं. पुढचं दार एका रस्त्यावर, मागचं दुसऱ्या. पुढचं दार थोरल्या जाऊबाईंनी उघडलं. गळ्यात कापडी फीत, तोंडात टाचण्या. त्या शिवणकाम करायच्या. एकेक टाचणी मनगटावरच्या गादीत खोचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "खोली आहे. पण अर्धी."

"अर्धी कशी?"

"अर्धी माझी. अर्धी तिची. आणि तिच्या अर्ध्यात माझे दोन इंच."

खोली घराच्या मधोमध होती. दोन दारं, एक थोरलीच्या बाजूला, एक धाकटीच्या. आत अंधार. एका बाजूच्या खिडकीतून येईल तेवढाच उजेड. जमिनीवर दोन रेषा होत्या. एक शिंप्याच्या निळ्या खडूची, एक पांढऱ्या खडूची, आणि दोन्हींमध्ये दोन बोटांचं अंतर. दर दोन-तीन महिन्यांनी पुसट झाल्या की दोघी आपापली रेषा गिरवायच्या, हे मला नंतर कळलं. बरोबर त्या दोन बोटांच्या पट्टीवर छतातून दिव्याची वायर लोंबत होती. दिवा कुणाच्या हद्दीत ते ठरत नव्हतं, म्हणून सात वर्षांपूर्वी गेलेला बल्ब कुणीच बदलला नव्हता.

पलीकडचं दार उघडून धाकट्या जाऊबाई उभ्या होत्या. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. बगलेत लाकडी फूटपट्टी, दुसऱ्या कुणी छत्री घ्यावी तशी.

"हिला सांग," त्या मला म्हणाल्या, "दोघा भावांनी लिहून ठेवलंय, निम्मी-निम्मी. खोली चौदा फूट. सात फूट माझ्या भिंतीपासून मी पट्टीनं मोजलेत, पांढरी रेषा."

"तिला सांग," थोरल्या म्हणाल्या, "सात फूट मीही मोजलेत. माझ्या भिंतीपासून. निळी रेषा. बावीस वर्षं मापं घेते मी. माझी मापं चुकत नाहीत."

"सांग तिला, गणित मी शिकवलंय."

"सांग तिला, शाळेतल्या पट्ट्या पोरांनी कुरतडलेल्या असतात."

अकरा वर्षं ह्या दोघी एकमेकींशी थेट बोलल्या नव्हत्या. कुणी तिसरं नसेल तेव्हा मांजराला सांगायच्या. मांजर दारात बसलं होतं आणि आज सुट्टी मिळाल्यासारखं अंग चाटत होतं.

मी गुलाबी कागद दाखवला. चारची वेळ सांगितली. दोघींचाही जीव हळहळला, ते चेहऱ्यावर दिसलं. पण मालकाच्या सहीला ओळ एकच होती.

"तिनं सही केली तर मी कोण? भाडेकरू?" थोरल्या म्हणाल्या.

तेव्हा मी पिशवीतून डबी काढली. मनात धाकधूक होतीच. पितळी मूठ उलगडली, फीत खर्रकन बाहेर आली. दोघी एकदम पुढे झाल्या.

"खरी आहे का गं ही?"

"पोलादी आहे. ताणत नाही, आखडत नाही. माझे बाबा सरकारी मोजणीत आहेत."

ज्या वाक्यानं एकोणीस दारं बंद झाली होती, त्याच वाक्यावर त्या दोघींनी न बोलता फितीची दोन टोकं धरली.

थोरली आपल्या भिंतीला, धाकटी आपल्या. मी मध्ये गुडघ्यांवर. मेणबत्ती धरून आकडा वाचला. चौदा फूट. ना कमी ना जास्त. मग सात फुटांवर बोट ठेवलं. बोट पांढऱ्या रेषेवर होतं.

धाकट्या बाईंनी फूटपट्टी छातीशी धरली. थोरल्यांचा चेहरा पांढरा पडला.

"म्हणजे मी खोटी?"

"तुमची फीत द्या बघू," मी म्हटलं.

त्यांनी गळ्यातली फीत काढून दिली. मी ती जमिनीवर पोलादी फितीच्या शेजारी सरळ घातली. शून्याला शून्य लावलं. कापडी फितीचे साठ इंच संपले तिथं पोलादी फीत साडेएकसष्ट दाखवत होती.

"कापड आहे," मी म्हटलं. "रोज ओढून ओढून ताणलं गेलंय. तुम्ही सात फूट म्हणून मोजता ते सात फूट दोन इंच भरतं."

"छे!" थोरल्या उसळल्या. "ताणली असती तर कपडे बिघडले नसते? एक बाही चुकलेली दाखव! अख्खं गाव माझ्याकडून शिवून घेतं!"

धाकट्या बाई दोन्ही फितींकडे बघत उभ्या होत्या, फळ्यावरचं उदाहरण बघावं तशा. मग हळूच म्हणाल्या, "अंगाचं माप ह्याच फितीनं घेता ना?"

"मग दुसऱ्या कशानं?"

"आणि कापडही ह्याच फितीनं मोजून कापता."

"हो."

"म्हणजे दोन्हीकडे चूक सारखीच. मग बाही चुकणार कशी?" त्या थांबल्या. "भिंतीपाशी आल्यावरच ती चूक उघडी पडली. वहिनी, तुम्ही खोटं नव्हता बोलत."

'सांग तिला' न म्हणता बोललेलं ते पहिलं वाक्य. मांजरानंसुद्धा मान वर केली.

थोरल्या तिथल्या ट्रंकेवर बसल्या. बराच वेळ कापडी फीत बोटाला गुंडाळत राहिल्या. "अकरा वर्षं तू मला लबाड म्हणत होतीस."

"सगळ्या गल्लीला सांगितलं मी. वहिनी जमीन खातात म्हणून." धाकट्यांचा आवाज बसला होता. "भाऊजी गेले तेव्हा मी माझ्या बाजूच्या दारापर्यंत आले होते. पण ती निळी रेषा ओलांडून आत यायला नको वाटलं."

"मला पाय दिसले होते तुझे. तुझ्या दाराखालून," थोरल्या म्हणाल्या.

मग त्यांनी नाक ओढलं आणि वर वायरकडे बघितलं. "तो बल्ब तुझ्या हद्दीत गेला हो. आता बदल तूच."

दोघी हसायला लागल्या आणि मी गुलाबी कागद पुढे केला, कारण घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं झाली होती.

"सही?" मी म्हटलं.

"करा वहिनी. तुम्ही थोरल्या."

"छे छे, माप तुझं बरोबर निघालं. तू कर."

"असं कसं? तुमच्या आधी मी?"

"मी सांगते ना, कर!"

अकरा वर्षं दोघींना सही स्वतःचीच हवी होती. आता प्रत्येकीला दुसरीची हवी होती. कागद ह्या हातातून त्या हातात जात होता. एकदा तर तो मांजरावर पडला. शेवटी मी ओरडले, "अहो, कुणीतरी करा हो! मला परत पाठवतील!"

दोघी दचकल्या. थोरल्यांनी ओळीवर सही केली. धाकट्यांनी खाली, जागा नव्हती तिथं, वळणदार अक्षरात. मी फीत न गुंडाळताच काखोटीला मारून पळत सुटले. अर्धी फीत रस्त्यावरून मागे खडखडत येत होती. न्हावी दुकानाच्या दारात उभा होता. मला बघून त्यानं साबण लावलेलं गिऱ्हाईक तसंच सोडलं आणि तो आत पळाला.

चारला सहा मिनिटं कमी असताना पेन्सिलबाईंच्या खिडकीवर कागद ठेवला. त्यांनी चष्मा लावला.

"सहीला एकच ओळ आहे गं इथं."

"दोघी मालक आहेत. निम्म्या-निम्म्या. मी स्वतः मोजलंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. अंबाड्यातली पेन्सिल काढली, ती पहिल्यांदाच एका झटक्यात सापडली, आणि धाकट्या बाईंच्या सहीखाली पट्टीनं एक नीट ओळ आखली. मग शिक्का मारला.

त्या रात्री मी मधल्या खोलीत झोपले. धाकट्यांनी नवा बल्ब आणला आणि थोरल्यांनी स्टूल धरलं. पलंग दोन्ही रेषांवर आडवा ठेवला.

पुढच्या रविवारी आलेखाच्या कागदावर नकाशा काढून बाबांना पाठवला. दारं, खिडकी, पलंग, टेबल. सोबत सगळी हकिगतही लिहिली. तीन आठवड्यांनी तोच नकाशा परत आला. लाल शाईनं बाण काढले होते. 'टेबल खिडकीच्या उजवीकडे घे, लिहिताना उजेड डावीकडून येईल.' 'पलंगाची उशाची बाजू दारापासून लांब कर, वारा लागेल.' आणि खाली, कनिष्ठांना लिहायचे त्या भाषेत, 'एकच लांब भिंत मोजलेली दिसते. समोरची भिंत गृहीत धरली आहे. हे चालणार नाही. समोरची भिंत व दोन्ही कर्ण मोजून कळवणे.'

चूक खरी होती. घाईत मी एकीकडचीच भिंत मोजली होती. थोरल्या कपडे पोचवायला आणि धाकट्या वाचनालयात गेल्या, तेव्हा दार लावून घेतलं. फितीच्या टोकावर जड पुस्तकं ठेवली आणि समोरची भिंत मोजली. चौदा फूट तीन इंच. पुन्हा मोजली. चौदा फूट तीन इंच. कर्णही जुळेनात. खोली तिरकी होती. मध्यावर काढलेली पांढरी रेषा एका टोकाला बरोबर होती, दुसऱ्या टोकाला दीड इंच चुकीची.

बाहेर दोघींचे आवाज आले. धाकट्या सांगत होत्या, "वहिनी, पायरी ओली आहे, जपून." मी फीत गुंडाळली.

रात्री बाबांना लिहिलं. सगळे आकडे खरे लिहिले. शेवटी विचारलं, 'दोघींना सांगू का?'

उत्तर यायला महिना लागला. तेवढे दिवस माझ्या जिवाला चैन नव्हतं. मी बाबांना ओळखत होते. मोजलेलं लपवायचं नसतं, असं म्हणत ज्यांनी एका अधिकाऱ्याशी वर्षभर बोलणं टाकलं होतं, ते माझे बाबा. दोघी आता जेवायला एका टेबलाशी बसत होत्या. मला मध्ये बसवून दोन्ही बाजूंनी वाढत होत्या. माझ्या ताटात कुणाचं जास्त गेलं यावरून हल्ली भांडण व्हायचं, पण ते भांडण निराळं.

मग एक कार्ड आलं. लाल शाई नव्हती. आईची खुशाली होती, मामाच्या गुडघ्याचं दुखणं होतं. खाली, एकतीस वर्षांत ज्यांनी अर्धा इंच कुणाला सोडला नाही, त्या माणसाच्या ठसठशीत अक्षरात एक ओळ होती.

'खोली काटकोनी धरावी.'

चार वर्षं मी तिथं राहिले. बाबांनी ती खोली कधी पाहिली नाही, पण पत्रात लिहायचे, 'आज खिडकीशी बसली असशील.' आणि बसलेली असायचेच मी. समोरच्या भिंतीच्या कोपऱ्यात, कपाटाच्या मागे, जागा जरा जास्त होती. त्या तीन इंचांत दोघींच्या छत्र्या आणि धाकट्यांची फूटपट्टी राहायची.